आधी नळी, मग पावडर

काकांसमोर कुणी नुसतं "आज गारठा आहे" म्हणालं तरी ते विचारायचे, "कशावरून?" तुम्हाला वाटतोय की खरंच आहे? काल याहून कमी होता, की काल तुम्ही स्वेटर घातला होता? समोरचा बिचारा लिफ्टमध्ये गप्प कसं उभं राहायचं म्हणून बोललेला असायचा. तो मुकाट्याने मधल्याच मजल्यावर उतरायचा आणि जिन्याने जायचा. मीसुद्धा उतरलेली आहे.

काका म्हणजे नात्याने माझे कुणी नव्हेत. जर्मनीत गेर्लिंगेनला मी नोकरीला लागले तेव्हा ते त्याच विभागात आधीपासून होते. ते मूळचे साताऱ्याचे, मी कराडची. परदेशात एवढं नातं पुष्कळ झालं. पहिल्याच दिवशी मी 'सर' म्हणाले, तर म्हणाले, "सर नको, मी शिकवत नाही. मी तोडतो." आणि ते खरंच होतं. गाड्यांचे सुटे भाग तुटेपर्यंत हलवायचे, तापवायचे, गोठवायचे आणि कुठे तुटला ते पाहायचं, हेच आमच्या विभागाचं काम. बाकीचे लोक हे काम करून संध्याकाळी घरी जायचे. काका घरी जाऊनही तेच करायचे.

नवी छत्री आणली की ती उघडून आधी शॉवरखाली उभे राहायचे. "कपड्यांसकट हो!" काकू कपाळावर हात मारून सांगायच्या. जेवायला बोलावलं की साबुदाण्याची खिचडी दोन पातेल्यांत असायची, एकात दाणे भाजलेले, दुसऱ्यात कच्चे, आणि डोळे मिटून सांगायचं कुठली बरी. आपल्याला जेवायला बोलावलंय की परीक्षेला, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. खिचड्या मात्र दोन्ही फर्मास असायच्या, कारण त्या काकूंनी केलेल्या असायच्या.

आणि तपासलेलं नाही ते बोलायचं नाही, हा बाणा. एकदा माझ्या आईचा फोन आला, तो नेमका त्यांनी उचलला. आईने आपलं सहज विचारलं, "काय हो, बरी आहे ना आमची पोरगी तिकडे?" कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, अगदी मजेत आहे, काळजी करू नका. काका म्हणाले, "दिसायला बरी आहे. आतून कशी आहे ते पाहिलेलं नाही." त्यानंतर आईची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. मी चिडून काकांना म्हटलं, अहो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून माणूस थोडं खोटं बोलतो. ते म्हणाले, "बरं वाटण्याचं माझ्याकडे मोजमाप नाही."

अशा माणसाच्या आतड्यात काय काय उगवतं, ते आम्हाला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. त्या दिवशी जेवणात मसूर आणि शेवया, म्हणजे या भागातलं आवडतं पक्वान्न होतं. काकांनी चमच्यात मसूर घेतले, ते निरखले आणि म्हणाले, "साधारण असेच. पण मोड आलेले." मग सगळं सांगितलं. मोठ्या आतड्यात पॉलिप होतात. म्हणजे आतून कोंब फुटतात. नळीला कॅमेरा लावून ती खालून आत घालतात आणि ते काढून टाकतात. काढले की काही वर्षांनी पुन्हा हजर. नाही काढले तर एखादा बिघडतो, आणि बिघडला की कॅन्सर. हे त्यांनी मला मराठीत सांगितलं, आणि शेजारच्या जर्मन सहकाऱ्याला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून जर्मनमध्ये सांगितलं. त्याने ताट बाजूला सरकवलं. काकांनी त्यातले मसूरही संपवले.

त्याच सुरात, ताट पुसता पुसता, ते आणखी एक बोलून गेले. "वडील यातच गेले. आता मी आहे त्याच वयात. मूळव्याध, मूळव्याध म्हणत राहिले." वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण, पुढे साताऱ्यातलं रंगांचं दुकान, लग्न, सगळं काकांनी केलं. आता इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हे घराण्यात असतं, भावालाही तपासायला सांगा. काका दर रविवारी सांगायचे आणि भाऊ दर रविवारी एकच उत्तर द्यायचा. "दादा, तिथून नळी? अरे, मी माणूस आहे का गटार?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीची चाचणी घेणाऱ्या माणसाच्या सख्ख्या भावाने एक चाचणी करून घ्यायला नकार द्यावा, याचं मला तेव्हा हसू यायचं. काकांना येत नव्हतं.

मग ते चिनी प्रकरण निघालं. एका मोठ्या इस्पितळात, पॉलिप काढलेल्या लोकांवर चिनी जडीबुटीची चाचणी घेणार होते. ती घेतल्याने कोंब पुन्हा यायचे थांबतात का, एवढंच पाहायचं होतं. काकांनी नाव दिलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला होते, म्हणून पुढचा संवाद मला फुकटात ऐकायला मिळाला.

"अहो, आपल्याकडे कुडा आहे, गुळवेल आहे, अडुळसा आहे. आणि तुम्ही चिन्यांचा पाला पिणार?" काकू म्हणाल्या.

"तुझ्या कुड्याची चाचणी घेतलीय का कुणी?"

"माझ्या आजीने घेतलीय. नव्वदी गाठली तिने."

"कुड्यामुळे गाठली कशावरून?"

"बरं, मग चिन्यांच्या पाल्यावर एवढा विश्वास कसा बसला तुमचा?"

"बसलेला नाही," काका म्हणाले. "म्हणून तर पितोय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात बिस्किट बुडवलं. त्या वयाच्या नवराबायकोंच्या मध्ये बोलू नये, एवढं मला कळत होतं.

चाचणीची रीत काकांना फार पसंत पडली. निम्म्या लोकांना खरी पावडर, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. दोन्ही तपकिरी, दोन्ही गरम पाण्यात ढवळून घ्यायच्या. कुणाला कुठली मिळाली ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्या नर्सलाही नाही. सगळ्यांचं झाल्यावरच उघड करायचं. "बघ," काका मला म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांना हलवलं. आता मी प्रूफलिंग!" आमच्याकडे यंत्रावर चढवून ज्याची परीक्षा घेतात त्या भागाला प्रूफलिंग म्हणतात. नोकरीतली बढती सांगावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

हा आनंद पुढच्या रविवारपर्यंत टिकला. रविवारी भाऊ म्हणाला, "दादा, असं करू. तू आधी घेऊन बघ. तुला गुण आला की मला पाठव, मी रोज पिईन, दोनदा पिईन. पण नळी नाही म्हणजे नाही."

झालं. आता काकांना आपली पावडर खरी की खोटी हे कळायची घाई झाली. मी म्हटलं, अहो, कळून काय होणार? एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्हीच आम्हाला येताजाता ऐकवता. "माहीत आहे मला!" ते माझ्यावर खेकसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खेकसले. मग जरा वेळाने म्हणाले, "पण तो थांबलाय ना माझ्यासाठी. वडीलही असेच थांबले होते."

त्यांनी योजना आखली ती अशी. पावडरीत खरंच पाला आहे की नुसता रंग, हे ओळखायला जन्मभर काढे उकळलेल्या जिभा हव्यात. अशा जिभा एका छपराखाली कधी मिळतात? गणपतीला. आमचं मराठी मंडळ भाड्याने हॉल घेऊन दीड दिवसाचा गणपती बसवतं. काकांनी आपला एक डोस पाण्यात कालवून एका पातेल्यात आणला आणि तुलनेसाठी काकूंच्या कुड्याचा काढा दुसऱ्यात. दोन्ही पातेली तांब्याची, कारण भांडं बदललं की चव बदलते. ढवळायला पळी. सगळी टेबलं खिरापतीने आणि मोदकांनी भरलेली, एकच रिकामं होतं, मूर्तीच्या उजव्या हाताला. काकांनी तिथे मांडामांड केली आणि आरती संपायची वाट पाहत पळी हातात घेऊन उभे राहिले.

मूर्तीशेजारी, झब्ब्यातला वयस्कर माणूस, तांब्याची पातेली, हातात पळी! आरती संपली तसे सगळे रांगेत आले आणि उजव्या हाताची ओंजळ करून उभे राहिले.

"हं, तर आधी नीट ऐका," काका म्हणाले. "डोळे मिटायचे, घोट तोंडात धरायचा, आणि मग सांगायचं..." कोण ऐकतंय! पळी हातात असलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, त्याच्यापुढे हात करतात. लोक दोन्ही पातेल्यांतलं घेत होते, पीत होते, ओला हात डोक्यावरून फिरवत होते आणि खिरापतीकडे सरकत होते. एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तीर्थ कडू लागलं म्हणून तोंड वाकडं करणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. कुणाच्या तरी सासूबाई तर थांबून म्हणाल्या, "यंदा तुळस भरपूर घातलीत हो," आणि गुडघ्यांसाठी बाटलीभर मागू लागल्या. मला सगळं ठाऊक होतं, तरी मीसुद्धा रांगेत उभी राहिले, प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवून मोकळी झाले. सवय हो, दुसरं काय! खरं बोलली ती फक्त मुलं. इथे वाढलेली ती कार्टी एकापाठोपाठ एक "ईगिट!" म्हणून ओरडली, म्हणजे शी!, आणि प्रत्येकाला आपापल्या आईचा चिमटा बसला. पण ती दोन्ही पातेल्यांना ईगिटच म्हणाली, त्यामुळे त्यातूनही काही निष्पन्न झालं नाही.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काकांनी सोमवारी सकाळी स्वतः इस्पितळात फोन करून नर्सला सांगितलं, कारण चाचणीत गडबड झाली की ती कळवायची असते. मी शेजारीच होते. फोनमधला नर्सचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुम्ही औषध लोकांना वाटलंत?"

"हो."

"किती लोकांना?"

"नक्की सांगता येणार नाही. काहींनी दोनदा घेतलं."

त्यांना बोलावून घेतलं. एक डोस, तोही साऱ्या हॉलमध्ये वाटून पळीपळीने गेलेला, म्हणून कुणाला काही झालं नाही, नाहीतर काय झालं असतं, अशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची खरडपट्टी काढली. शेवटी म्हणाल्या, "तुमचा प्रूफलिंग यंत्रावरून खाली उतरून स्वतःच मोजमापं घेऊ लागला, तर तुम्ही काय कराल?" काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. या एका शब्दावर त्यांना चाचणीत ठेवून घेतलं असावं.

काळ गेला आणि काकांच्या नळीचा दिवस आला. भुलीचं औषध देतात म्हणून नंतर माणसाला एकट्याला घरी सोडत नाहीत, सोबत कुणीतरी लागतं. काकू मुलीच्या बाळंतपणाला वाल्डॉर्फला गेलेल्या. मी रजा टाकली आणि गाडी काढली. तिथे खुर्चीवर बसून मी एकच मासिक चार वेळा चाळलं, हे कबूल करते. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, काही नाही, सगळं साफ. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. काका गुंगीत होते. हसून म्हणाले, "एकावरून काही सिद्ध होत नाही," आणि माझ्या खांद्याला धरून गाडीपर्यंत आले.

आम्ही हमरस्त्याला लागलो आणि त्यांचा फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर आवाज आला तो भावाच्या बायकोचा. "भाऊजी, ह्यांना कळू न देता करतेय फोन. ह्यांना रक्त पडतंय हो. महिना झाला. मूळव्याध आहे म्हणतात, दुकानात उशी घेऊन बसतात. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात." आणि ती रडायला लागली.

मी काकांकडे पाहिलं. मघाची गुंगी कुठल्या कुठे गेली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. "खाली दुकानात जा," ते म्हणाले, "आणि त्याला फोन दे."

"दादा!" भाऊ खुशीत होता. "आज होती ना तुझी नळी? काय निघालं?"

"काही नाही. साफ आहे."

"बघ! गुण आला! आता पाठव मला ती पावडर."

मला त्यांचं पुढचं उत्तर पाठ होतं. एका माणसावरून काही ठरत नाही, मला खरी मिळाली की खोटी तेही ठाऊक नाही, सगळी चाचणी संपल्याशिवाय बोलता येणार नाही. आणि भाऊ म्हणणार, मग संपू दे, मी थांबतो. मी मनात म्हणत होते, काका, कृपा करा, आज तरी खरं बोलू नका.

"पाठवतो," काका म्हणाले. "पण तिचा नियम आहे. आधी नळी घालून आतलं सगळं साफ करून घ्यायचं, मगच पावडर. माझंही तसंच केलं." इथपर्यंत खरं होतं. चाचणीत ज्यांचे कोंब काढलेत अशांनाच घेतलं होतं. पण काका थांबले नाहीत. "आत कोंब असताना घेतली, तर ती कोंबांनाच लागू पडते. खतासारखी."

"खत?" भावाचा आवाज बसला.

"खत. भराभर वाढतात. आणि तुला रक्त पडतंय, म्हणजे तुला तर आधी नळी लागणारच."

"अरे बाप रे," भाऊ म्हणाला. "मग उद्याच जातो, दादा."

फोन बंद झाला. माझा वळणाचा रस्ता कधीच मागे पडला होता. काका समोर बघत म्हणाले, "मी भुलीत आहे. भुलीत बोललेलं धरत नाहीत."

भाऊ खरोखरच गेला. कोंब निघाले, त्यातला एक बिघडलेला होता. पुण्याला ऑपरेशन झालं. काका तिकडे महिनाभर राहून आले. परत आले त्या दिवशी माझ्याजवळ येऊन "वेळेत सापडलं. वाचला," एवढं म्हणाले आणि त्यांनी हलवायचं मोठं यंत्र चालू केलं. त्याचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही. यंत्रावर कुठलाच भाग लावलेला नव्हता.

यथावकाश भावाने पावडर मागितली. आता आली का पंचाईत! चाचणीतली देता येत नव्हती. बाजारात चिनी औषधं मिळतात, मी म्हटलं, त्यातलं काहीतरी पाठवा. काकांना ते भयंकर वाटलं. "न तपासलेलं औषध मी धाकट्याला देऊ?" म्हणून मग ते सुपरमार्केटातून भाजलेल्या बार्लीची पूड आणू लागले. इथले म्हातारे लोक ती कॉफीऐवजी पितात. काकांनी आधी ती स्वतः दोन महिने पिऊन पाहिली, मग साध्या पुडीत बांधून साताऱ्याला रवाना केली. सोबत ताकीद, डॉक्टर सांगतील तेव्हा नळी करायची, नाहीतर पुढची पुडी बंद. भाऊ ती देवापुढे ठेवून मग घ्यायचा. त्याला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. दुकानात येणाऱ्या रंगाऱ्यांनाही तो चिमूट चिमूट देऊ लागला. बार्ली असली तरी वाटणं मात्र घराण्यातच होतं.

अखेर ती चाचणी संपली. काकांना न्यायचं आणायचं काम तोवर माझ्याकडेच लागलं होतं, त्यामुळे शेवटच्या भेटीलाही मीच होते. नर्सने हसून विचारलं, "तुम्हाला कुठली मिळाली होती, खरी की खोटी? आता सांगता येतं. पाहू का?"

मी मराठीत म्हणाले, "हो म्हणा ना! मीही प्यायलेय ते, मलाही कळू दे!"

"नाइन, डांके," काका म्हणाले आणि कोट चढवू लागले.

गाडीत बसल्याबरोबर मी त्यांना धारेवर धरलं. छत्रीसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर न काढणारा माणूस, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल समोर असताना नको म्हणतो? ते काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजला.

"दादा, झाली का भेट? सांगितलं का त्यांनी, तुझी पावडर खरी की खोटी?"

"सांगितलं नाही त्यांनी," काका म्हणाले. शब्दन् शब्द खरा.

"मग मी घेत राहू ना?"

"तुझी पुढची नळी कधी आहे?"

"गुरुवारी. पुण्याला. गाडीही ठरवलीय."

"मग घे."

काकांनी फोन ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "खरी होती म्हणालो असतो तर तो पावडरीवर विसंबला असता आणि नळी सोडली असती," ते म्हणाले. "खोटी म्हणालो असतो तर पावडरीबरोबर नळीही गेली असती. आणि शुद्धीत असताना मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही ग. त्यापेक्षा मला माहीतच नको."

मी त्यांचा हात दाबला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुढे सुपरमार्केटपाशी थांब जरा. त्याची पूड संपत आलीय."

"किती दिवस पाठवणार आहात काका?"

"त्याला नळी लागेल तोवर. म्हणजे तो असेपर्यंत." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी त्याच्यापेक्षा मोठा आहे. मी आधी गेलो, तर तू पाठवत जाशील?"

"पाठवीन," मी म्हणाले आणि सुपरमार्केटच्या दारात गाडी उभी केली.